बोहारणीचा भाव

बोहारीण जुने कपडे घेई आणि स्टीलची भांडी देई. मध्ये पैसा नसे, पण भाव असेच! जरीच्या काठाला वेगळा, सुती साडीला वेगळा, कॉलर विरलेल्या सदऱ्याला जवळजवळ शून्य. बँकेत मी वर्षानुवर्षं तारणाचं मूल्यांकन केलं. पण विजार उजेडात धरून तिचं उरलेलं आयुष्य सांगणारी ती नजर काही औरच.

या बायका बहुतेक गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या. त्यांनी नेलेले कपडे धुऊन, शिवून मुंबईच्या बाजारात पुन्हा विकले जातात आणि नवा सदरा न परवडणाऱ्याच्या अंगावर चढतात.

आता हाच व्यवहार मोबाइलवर ‘थ्रिफ्ट’ या नावाने, चकचकीत फोटोंसह चालतो. नातीने परवा कुणाचा तरी वापरलेला डेनिमचा कोट मागवला. किंमत ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, “एवढ्यात नवा आला असता की गं!”

“आजी, नव्याला ही मजा नाही.”

मजेला माझी हरकत नाही. पण गरजेच्या बाजारात हौस शिरली, की निवडक टिकाऊ माल आधी हौशी उचलतात आणि गरजवंताला उरते ती दोन धुण्यांत गोळे येणारी स्वस्त पॉलिएस्टर.

आमच्या सोसायटीचा पहारेकरी बोहारणीला फाटकातच अडवतो. घरोघरची कपाटं मात्र तुडुंब आहेत.