नुसतं ‘टक्’!

२०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली. आमच्या घरची पद्मिनी मात्र अजून आहे. गेल्या पावसाळ्यात ती रुसली. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’! ‘स्टार्टर गेला, आता भंगारात काढा,’ असा सल्ला मिळाला आणि वडिलांचा चेहराच उतरला.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी हेडलाइट लावायला सांगितले, मग किल्ली फिरवायला. दिवे एकदम मंदावले. म्हणजे बहुधा करंटच पुरत नाही. दिवे लख्ख राहिले असते, तर संशय स्टार्टरवर. बॉनेट उघडलं, तो बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर! निगेटिव्ह वायर आधी काढून त्यांनी खायचा सोडा नि कोमट पाण्यानं तो धुतला, टर्मिनल घासून घट्ट आवळलं. गाडी सुरू!

मग ते कान देऊन उभे राहिले. वरची बारीक टिकटिक टॅपेटची, ती सवडीनं बघता येते. खालून जड ठोका आला, तर इंजिन तिथंच बंद करायचं. बेअरिंग झिजलेलं असू शकतं. (आम्ही इतके दिवस टिकटिकीलाच घाबरत होतो!)

सोड्याचा डबा वडिलांनी डिकीत ठेवलाय. आई तो स्वयंपाकघरात शोधते आहे.