मनाचा वैद्य निवडताना

ताप आला तर डिंडोलीत कोणत्या दवाखान्यात जावे, हे पोरासोरांनाही ठाऊक असते; परंतु मन आजारी पडले की घरातील शहाणी माणसेही गोंधळतात. कोणी भगताकडे नेतो, कोणी 'लग्न करून द्या' असे सुचवितो. (हा दुसरा उपाय आम्हांस अधिक भयंकर वाटतो, त्यात आणखी एक जीव गुंततो.)

मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर. तो औषध देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध न देता संभाषणाच्या शास्त्रीय पद्धतीने उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'समुपदेशक' या पाटीमागचे शिक्षण मात्र निरनिराळे असू शकते, म्हणून ते विचारण्यात संकोच नसावा. नसलेले आवाज ऐकू येत असतील, अन्न-झोप सुटली असेल, तर आधी डॉक्टरच गाठावा.

खरी अडचण भाषेची. आमची घरची बोली कोंकणी. वर्गात आम्ही मराठी बोलतो, बाजारात गुजरातीत भाव करतो; पण दुःख सांगावयाचे झाले की कोंकणीच ओठांवर येते. धुळे-जळगावकडून येथे आलेल्या अहिराणी माउलीचे तरी निराळे काय असणार? 'कशात मन रमत नाही' या चार शब्दांत निम्मे दुखणे कळते. परभाषेत सांगताना तेच सांडते. म्हणून आपली बोली जाणणारा उपचारक मिळाल्यास थोडी दूरची वाटही पत्करावी. मराठीतून हे काम होऊ शकते यात शंका नाही. अमेरिकेतील आल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था उभारली.

पहिल्या भेटीत शुल्क, पद्धत आणि साधारण किती बैठका लागतील हे विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास गुप्ततेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असल्यास त्याला अपवाद होतो. जो दुसऱ्या रुग्णाच्या गोष्टी आपणांस सांगतो, तो आपल्याही सांगेल, तेथून उठावे. तीन-चार बैठकांनंतरही मन मोकळे होत नसेल, तर तसे स्पष्ट बोलावे व दुसरा उपचारक पाहावा. त्यात कृतघ्नपणा नाही.

पैशाची ओढ असेल तर मजुरा गेटजवळील सरकारी न्यू सिव्हिल रुग्णालयात जावे. जुन्या चिठ्ठ्या बरोबर घ्याव्यात आणि चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य असून रात्रपाळीवरून परतलेल्या कामगारालाही कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते.