साखर सोडली, गूळ धरला!



बेणे, लागण, खोडवा यांविषयी आम्ही नेहमी लिहितो. आजचा विषय मात्र फडातला नाही, स्वयंपाकघरातला आहे.

मे महिन्यात आम्ही घाट उतरून अलिबागजवळच्या आमच्या मूळ गावी गेलो होतो. आत्याला मधुमेह निघालेला. पाहतो तो आत्या गुळाचा चहा पीत बसलेली! "तुमच्या कारखान्याची साखर बंद केली हो मी," ती म्हणाली. "केळे सोडले, शहाळे सोडले. आता गुळाचा चहा नि दुपारी कोकम सरबत, एवढेच." आणि तरी रक्तातली साखर काही उतरेना.

बंधूंनो, आत्याने सोडायचे ते धरले आणि जपून खायचे ते सोडले. गूळ कशाचा, हे आपल्याला का सांगायला हवे? तोच उसाचा रस, तीच काहील. थोडे लोह, थोडी खनिजे त्यात राहतात, पण शेकडा ७० ते ८० भाग साखरच. कोकम सरबताच्या पाकासाठी सालींवर साखरेचे थर देतात, तेही सढळ हाताने. ही सगळी वरून घातलेली साखर.

केळ्यातली, दुधातली साखर निराळी. ती अंगची असते. फळात तिच्याबरोबर चोथा येतो, त्यामुळे ती रक्तात सावकाश उतरते. शहाळ्याच्या पाण्यातही १०० मिलीलिटरला तीन-चार ग्रॅमच साखर असते. म्हणून मधुमेह्याने मनसोक्त खावे असे नव्हे. प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

आता आपल्या रसाचे पाहू. कांडे दातांनी सोलून खायचे तर दहा मिनिटे लागतात. रसाचा पेला दोन घोटांत संपतो आणि त्यात पाच-सहा चमचे साखर असते! म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना फळांचा रस व मध यांतील साखरही घातलेल्या साखरेबरोबरच मोजते. २०१५ साली तिने सांगितलेली मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाकाठी सुमारे ५० ग्रॅम, आणि २५ ग्रॅमपर्यंत आणल्यास अधिक चांगले. दोन-दोन चमच्यांचे चार कप चहा घेतले की जवळजवळ ४० ग्रॅम तिथेच झाले. वर पोरांची बिस्किटे आणि बाटलीतले थंड पेय आहेच. पाकिटावर 'टोटल शुगर्स' आणि खाली 'अ‍ॅडेड शुगर्स' असे दोन आकडे असतात. खालचा आकडा आधी पाहावा.

कुणी म्हणेल, साहेब, उसाची भाकरी खाता आणि साखर कमी खा म्हणता? होय, म्हणतो. आपल्या उसाची एफआरपी साखर उताऱ्यावर ठरते, घरातल्या डब्यावर नाही. पण ऊस लावणारा माणूसच अंथरुणाला खिळला तर बांधावर कोण जाणार?

सभासद साखर हक्काने घरी न्यावी. दिवाळीला करंज्या कराव्यात, पाहुण्याला गोड चहा द्यावा. रोजच्या चहातला एक चमचा तेवढा कमी करावा, आणि गूळही साखरेच्याच हिशेबात धरावा.

परवा आत्याचा फोन आला. चहा बिनसाखरेचा झाला आहे. सरबताऐवजी आता आगळाची सोलकढी. आगळात साखर नसते, मीठ असते, तेव्हा तीही बेताने. "केळे अर्धे खाते हो डॉक्टरांना विचारून," म्हणाली. आम्हांला बरे वाटले.

— ऊस विकास अधिकारी