पडद्याच्या आतील कप्पे

दिल्लीच्या दक्षिण भागात, कालकाजी मंदिरापासून जवळच, नेहरू प्लेस ही संगणकांची मोठी बाजारपेठ आहे. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यांची दुकाने तेथे दाटीने वसलेली आहेत. अशा दुकानी नेहमी येणारी एक तक्रार घेऊ. झाकण उघडले की पडदा लुकलुकतो आणि आणखी थोडे मागे केले की काळा पडतो. दोष पडद्यात असेल, किंवा बिजागरीतून जाणाऱ्या बारीक पट्टीसारख्या केबलमध्येही असेल. पडद्याला काही हजार रुपये पडतात, केबल काही शेकड्यांत मिळते. ज्या विद्यार्थ्याची फी भरावयाची राहिली आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

वस्तू बदलून पाहणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग असा की, प्रत्यक्ष पडद्यालाच विचारावे.

आजचा पडदा केवळ काच नसून त्याच्या पाठीशी एक छोटा नियंत्रक असतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिस्प्लेपोर्ट’ मानकानुसार या नियंत्रकात क्रमांक घातलेले कप्पे असतात. त्यांना इंग्रजीत ‘रजिस्टर’ म्हणतात. प्रत्येक कप्प्यात एक बाइट, म्हणजे आठ बिट मावतात. पत्ता २० बिटांचा असल्यामुळे १०,४८,५७६ कप्प्यांना जागा आहे. चित्र वाहून नेणाऱ्या तारांच्या जोड्या वेगळ्या आणि या कप्प्यांशी बोलणारी जोडी वेगळी. ही दुसरी जोडी संथ आहे. तिचा वेग सेकंदाला दहा लाख बिट, आणि एका खेपेस ती फार तर १६ बाइट आणते. परंतु चित्राच्या तारा तुटल्या तरी ती बहुधा शाबूत राहू शकते, आणि आपल्या कामाची गोष्ट नेमकी हीच आहे.

बेल प्रयोगशाळेत १९६९ साली सुरू झालेल्या युनिक्स प्रणालीने उपकरणांनाही फाइलीचे रूप दिले. ज्या उपकरणाशी बाइटांच्या ओघाने बोलावयाचे, त्याच्या फाइलीस ‘अक्षर-उपकरण फाइल’ म्हणतात. लिनक्सने ही परंपरा पुढे चालविली, आणि २०१६ साली आलेल्या त्याच्या ४.६ या आवृत्तीत पडद्याच्या कप्प्यांसाठीही अशी फाइल उपलब्ध झाली. ‘डेव्ह’ या निर्देशिकेत ती ‘डीआरएम-डीपी-ऑक्स’ अशा नावाने दिसते. फाइलीतील स्थान म्हणजेच कप्प्याचा पत्ता. दोनशेव्या स्थानी जाऊन एक बाइट वाचला, तर गाभाप्रणाली त्या संथ जोडीवरून पडद्याकडे विचारणा करते आणि आलेले उत्तर आपल्या हाती ठेवते. फाइल म्हटली तरी तबकडीवर तिचे काहीही साठविलेले नसते.

आता आपला लॅपटॉप पाहू. पडदा काळा असल्याने उत्तरे वाचण्यासाठी बाहेरचा दुसरा पडदा जोडावा लागतो, आणि फाइल उघडण्यास प्रशासकाचा अधिकार लागतो. समजा, पत्ता १ वर १० हा आकडा मिळाला. त्यास ०.२७ ने गुणले की एका मार्गिकेचा कमाल वेग मिळतो : सेकंदाला २.७ अब्ज बिट. पत्ता २ सांगतो की मार्गिका दोन आहेत. खरी परीक्षा पुढे, षोडशमान पद्धतीने लिहिलेल्या २०२ या पत्त्यावर आहे. दोन्ही मार्गिका सुरळीत असल्यास तेथे ‘७७’ मिळते. उजवा सात पहिल्या मार्गिकेचा, डावा दुसरीचा. सात म्हणजे तीन बिट एक : ठेका सापडला, लहरींची दुरुस्ती झाली, चिन्हे जुळली. झाकण सावकाश मागे नेता नेता ‘७७’ चे ‘०७’ झाले, तर दुसरी मार्गिका गळाली असे समजावे.

मग चित्र का जाते, हेही हिशेबाने कळते. १९२० गुणिले १०८० बिंदू, प्रत्येकी २४ बिट, सेकंदास ६० वेळा. म्हणजे जवळजवळ ३ अब्ज बिट. एका मार्गिकेच्या २.७ अब्जांपैकी संकेतनाचा पाचवा हिस्सा वजा जाता २.१६ अब्जच उरतात. झाकणाच्या कोनाबरोबर आकडा बदलत असेल, तर संशय काचेवर नव्हे, केबलवर किंवा तिच्या जोडणीवर घ्यावा. उलट, ‘७७’ कायम असूनही पडदा काळाच राहिला, तर मागील दिवा किंवा खुद्द पडदाच तपासावा लागेल. आणि वाचन मुळीच न होता त्रुटीच परत आली, तर ती संथ जोडीही तुटलेली असेल, किंवा पडद्यास वीजच पोचत नसेल. तेव्हा मात्र स्क्रू काढण्यावाचून गत्यंतर नाही.

एक सावधगिरी. याच फाइलीत लिहिताही येते. षोडशमान ६०० या पत्त्यावर २ लिहिले की पडदा झोपी जातो आणि १ लिहिले की जागा होतो. त्यामुळे नवशिक्याने फाइल केवळ वाचण्यापुरतीच उघडावी.