शाकाहारी आणि व्हीगन: रस्त्यावरच्या खाण्यातला फरक

व्हीगन आहार (प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ, म्हणजे दूध, दही, तूप आणि मधही वर्ज्य असणारा आहार) आणि शाकाहार एकच, हा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक उपवासाचा प्रत्येक पदार्थ शाकाहारी असला तरी प्रत्येक शाकाहारी पदार्थ उपवासाला चालत नाही, तसेच या दोहोंचे नाते आहे. वेष्टनावरचा हिरवा ठिपका दुधाच्या पदार्थांवरही असतो, म्हणून भारतात 2022 च्या नियमांनी व्हीगन पदार्थांसाठी वेगळे चिन्ह ठरवले. गाड्यावर मात्र वेष्टनच नसल्याने विचारणे हाच उपाय उरतो.

असे खाणे महागडे किंवा परदेशी असते, ही दुसरी समजूत. लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावापासून अकोला, नागपूरपर्यंत उन्हाळ्यात मिळणारा रसवंतीवरचा उसाचा रस, कैरीचे पन्हे, टरबुजाच्या फोडी, तेलातली मिरची भजी आणि दही न घातलेली भेळ हे सारे मुळात व्हीगनच आहे, आणि मूगडाळीच्या सारणाची, तेलात तळलेली शेगावची कचोरीही बहुधा त्यातच बसते. मठ्ठा, लस्सी व कुल्फी उघडच बाहेर राहतात. फसगत होते ती पावाला लावलेल्या लोण्याने आणि गोळ्यावर ओतलेल्या रबडीने.

उन्हाळ्यात खरी दक्षता बर्फाबाबत हवी, आणि ती व्हीगन नसणाऱ्यांनाही तितकीच लागू आहे, कारण पदार्थ थंड ठेवण्यासाठीचा अखाद्य बर्फ, ज्यात निळा रंग मिसळण्याचे बंधन महाराष्ट्रात 2018 मध्ये आले, तो पेल्यात घालण्यासाठी नसतो.