एकविसावं प्रकरण नसलेली कादंबरी

2004 साली अमेरिकेत एक कादंबरी लिहिली गेली आणि ती लिहिताना नियम एकच होता: चांगलं लिहायचं नाही.

जेम्स मॅकडोनाल्ड या लेखकाने आपल्या विज्ञानकथा लिहिणाऱ्या दोस्तांना गोळा केलं, प्रकरणं वाटून दिली आणि सांगितलं, जमेल तितकं वाईट लिहा. मंडळींनी जीव ओतला! ‘अटलांटा नाइट्स’ नावाच्या या कादंबरीत मेलेली माणसं पुढे आरामात हिंडताना दिसतात. पात्रं मधेच बाईची पुरुष होतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. चौथं आणि सतरावं प्रकरण शब्दन् शब्द एकच आहे. बारावी प्रकरणं दोन आहेत. एकविसावं नाहीच. आणि चौतिसावं तर माणसाने लिहिलेलंही नाही. आधीच्या प्रकरणांचा मजकूर संगणकात घालून त्याच्याकडून वाक्यं पाडून घेतली आहेत.

हे बाड ‘पब्लिशअमेरिका’ या कंपनीकडे पाठवलं. आम्ही लेखकाचे पैसे घेऊन छापणारे नव्हे, आम्ही खरेखुरे प्रकाशक, असं ही कंपनी सांगायची. डिसेंबरात तिचं उत्तर आलं. कादंबरी स्वीकारली होती!

जानेवारी 2005मध्ये लेखकांनी सगळी गंमत जाहीर केली, तेव्हा कंपनीने घाईघाईने होकार मागे घेतला. कादंबरीतल्या पात्रांच्या आद्याक्षरांतून एक वाक्य तयार होत होतं: ही कंपनी लेखकाच्या खिशावर चालते. तेही कुणाच्या नजरेस आलं नव्हतं.

आता विचार करा, हे झालं कसं? कंपनीतली माणसं वेडी होती का? मुळीच नाही. ज्या प्रकाशकाचं पोट वाचकावर चालतं, त्याला एकविसावं प्रकरण सापडलं नाही तर घाम फुटेल. इथे गिऱ्हाईक वाचक नव्हताच. लेखकाला आगाऊ मानधन म्हणून एक डॉलर मिळायचा, पुस्तक निघायचं आणि त्याच्या प्रती मुख्यतः लेखक स्वतः आणि त्याचे मामा-मावश्या घ्यायच्या. मंगल कार्यालयवाल्याला स्थळ कसं आहे याच्याशी काय देणंघेणं? भाडं मिळालं की झालं.

याच मॅकडोनाल्ड यांचा नियम इंग्रजी लेखकांत प्रसिद्ध आहे: पैसा लेखकाकडे यायला हवा, लेखकाकडून जायला नको. (स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात वाईट काही नाही. पदरमोड करून कवितासंग्रह काढणं मराठीला नवं नाही. तिथे सगळा उघड मामला असतो.)

ऑनलाइन कथा लिहिणाऱ्याकडे लेखकाच्याच खिशातून कमावण्याचं हे जाळं आणखी सोप्या वाटेने येतं. तुमची कथा, तुमचं नाव, किती जणांनी वाचली, कुणी काय म्हटलं, सगळं समोर मांडलेलं आहे. शिकाऱ्याला सावज शोधायला घराबाहेरही पडावं लागत नाही. पूर्वी पुस्तक छापण्याचं आमिष दाखवणारी पत्रं मोघम असायची, ‘आपलं लेखन आवडलं’ छापाची. आता यंत्राला कथा वाचायला दिली की ते तुमच्या नायिकेचं नाव घेऊन तिसऱ्या भागातल्या प्रसंगावर दोन परिच्छेद कौतुक लिहून देतं. इतक्या आत्मीयतेने तुमच्या घरच्यांनीही ती कथा वाचलेली नसते!

आणि आकडे? डिसेंबर 2024मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी कॅलिफोर्नियात एक प्रकरण उघड केलं. आरोप असा, की बडे प्रकाशक आणि चित्रपट स्टुडिओ तुमच्या पुस्तकासाठी उत्सुक आहेत असं सांगून फीमागून फी उकळली गेली. 800हून अधिक लेखक, 4 कोटी 40 लाख डॉलर. भागाकार करा: माणशी सरासरी सुमारे 55 हजार डॉलर निघतात.

पण सगळ्यात चतुर जाळं पैसे मागतच नाही. ते उलट देऊ करतं. कथांच्या ॲपवरून करार येतो: रोज अमुक शब्द लिहा, महिनाअखेर बोनस घ्या. पुढच्या पानावर एक ओळ असते: या कथेचे, तिच्या पुढच्या भागांचे, चित्रपटाचे, ऑडिओचे, भाषांतराचे हक्क जगभर, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी कंपनीकडे.

संपूर्ण मुदत म्हणजे किती? भारतात लेखकाचं आयुष्य आणि त्यानंतर 60 वर्षं. पंचविसाव्या वर्षी सही केलीत आणि ऐंशी वर्षं जगलात, तर कथा 115 वर्षं दुसऱ्याची. तुमच्या पणतूलाही ती परवानगी मागूनच वापरावी लागेल! 2020च्या मे महिन्यात चीनमधल्या ऑनलाइन कादंबरीकारांनी अशाच कलमांवरून एक दिवस नवं प्रकरण टाकायचंच नाही असं ठरवलं. पुढच्याच महिन्यात तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीने नवा करार आणला.

आपल्याकडे मात्र एक सुंदर गोष्ट कायद्यातच दडलेली आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 वाचा. हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेला हवा. त्यात मुदत लिहिलीच नसेल, तर ती पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभर ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते आपोआप परत. म्हणजे करारात जिथे जिथे कोरी जागा आहे, तिथे कायदा गुपचूप लेखकाच्या बाजूने बसलेला आहे. म्हणूनच लबाड करार एकही जागा कोरी सोडत नाही. ‘जगभर’ आणि ‘संपूर्ण मुदत’ हे शब्द तिथे उगाच आलेले नसतात.

तेव्हा सही करण्याआधी हे दोन शब्द शोधा आणि ते खोडून प्रदेशाचं नाव आणि वर्षांचा आकडा घाला म्हणून सांगा. कौतुकाचं पत्र आलं, तर पत्रातल्या दुव्यावर टिचकी न मारता प्रकाशनसंस्थेचा फोन स्वतः शोधून विचारा. आणि कुणी ‘आयएसबीएनसह प्रकाशन पॅकेज’ हजारो रुपयांना विकत असेल, तर एवढं लक्षात असू द्या: भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो.