ओळखणे निराळे, आठवणे निराळे

बेंगळूरच्या चिकपेटेत रेशमी वस्त्रांची दुकाने दाटीने उभी आहेत. कन्नड, तमिळ, तेलुगू यांच्या जोडीने मराठीही या जुन्या पेठेत कानी पडते. तेथील एखाद्या घरी, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलास दोऱ्याची तीन रिळे दाखवून झाकून ठेवली, आणि "कोणते रंग होते?" असे विचारले, तर ते बहुधा गप्प राहील. घरची माणसे समजतात, याच्या ध्यानी काहीच राहत नाही. परंतु तीच रिळे आणखी तीन रिळांत मिसळून "यांतली मघाची कोणती?" असे पुसावे. पुष्कळदा त्याचे बोट नेमके जागी पडते.

पहिल्या क्रियेस मानसशास्त्रात प्रत्यावाहन म्हणतात, दुसरीस प्रत्यभिज्ञा. दुसरीत शब्द शोधावा लागत नाही. समोरची वस्तू मनातील ठशाशी जुळली की पुरे. अर्थात रिळांच्या छटा फार जवळच्या असल्या, किंवा तीच रिळे खेळात वारंवार पुढे आली, तर आताचे कोणते व मघाचे कोणते याचा घोटाळा होतो.

असे का व्हावे? अमेरिकन संशोधक नॉर्मन एलिस यांनी १९६३ साली असे प्रतिपादिले की, या व्यक्तींच्या मनावरील ठसाच लवकर विरतो. १९७० साली त्यांनीच निराळे कारण पुढे मांडले: पाहिलेले मनात घोळवत ठेवण्याची युक्ती त्यांच्याकडून आपणहून योजिली जात नाही. हा फरक मोठा आहे. विरणारा ठसा कोण थांबविणार, पण घोळविणे शिकविता येते. शिकविल्यावर आठवण सुधारते, हेही पुढे दिसून आले. मात्र नव्या प्रसंगी मूल ती युक्ती विसरते. पुन्हा सांगावी लागते.

सर्वांची अडचण सारखी नसते. डाऊन संलक्षण असलेल्या मुलांस ऐकलेले शब्द टिकविणे जड जाते, पाहिलेल्या जागा त्या मानाने सोप्या. म्हणून "दूध, पाव आणि साबण आण" असे दारातून ओरडून सांगण्याऐवजी तीन चित्रांचा कागद हाती द्यावा.

मुलाची नीट तपासणी करविणे मात्र टाळू नये. बेंगळूरात १९५४ साली स्थापन झालेली मानसिक आरोग्याची संस्था १९७४ पासून निम्हान्स या नावाने ओळखली जाते. तेथे अशा मुलांची पाहणी होते. जाताना पालकांनी मूल काय सांगू शकत नाही याबरोबरच काय ओळखते, याचीही टिपणे न्यावीत. घरच्यांखेरीज ती दुसऱ्या कोणाजवळ नसतात.